सुट्या भागांची राखण

सायकलच्या कारखान्यात सायकलीचा प्रत्येक भाग तयार होत नाही. साखळी एकाकडून येते, टायर दुसऱ्याकडून, बेअरिंगच्या गोळ्या तिसऱ्याकडून. सॉफ्टवेअरचेही तसेच असते. पडद्यावर दिनदर्शिका दाखवणे, आलेख काढणे, फाईल दाबून लहान करणे, आवाजाचे अंकीकरण करणे ही कामे प्रत्येक आज्ञावलीकार स्वतः लिहीत बसत नाही. कोणीतरी ती लिहून ठेवलेली असतात आणि तो ती आपल्या आज्ञावलीत जोडून घेतो. असे सुटे भाग तयार करून विकणारा किंवा वाटणारा हा तिसरा पक्ष असतो. भाग बनवणारा पहिला, तो जोडून पूर्ण आज्ञावली करणारा दुसरा आणि ती वापरणारा ग्राहक तिसरा, असे मोजले तरी चालेल. आपण कोठून मोजतो त्यावर ते अवलंबून आहे.

सायकलची साखळी एका सायकलीला बसली की दुसरीला बसत नाही. सॉफ्टवेअरचा भाग मात्र कितीही जागी, काही खर्च न होता बसतो. त्यामुळे आपला भाग परवानगीशिवाय वापरला जाऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न भाग बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सतावतो. या प्रश्नाला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जी उत्तरे दिली गेली त्यांची थोडी परीक्षा येथे करू. काही उत्तरे साधी आणि सभ्य होती. एक उत्तर इतके वाईट होते की त्यावर आम्ही जास्त वेळ घालवणार आहोत.

प्रथम अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. समजा, एका आज्ञावलीकाराने दिनदर्शिकेचा तयार भाग विकत घेतला आणि तो वापरून शाळांसाठी फीच्या हिशेबाची आज्ञावली केली. ती वीस शाळांत बसवली. आज्ञावली चालायची तर दिनदर्शिकेच्या भागाची फाईलही त्या वीस शाळांच्या संगणकांवर असावीच लागते. आता त्यांतल्या एका शाळेतला दहावीचा मुलगा स्वतः आज्ञावली लिहायला शिकतो आहे. ती फाईल त्याच्या समोरच आहे. त्याने ती आपल्या आज्ञावलीत जोडली तर? भाग बनवणाऱ्याचे म्हणणे असे की शाळेला फीची आज्ञावली चालवण्यापुरताच माझा भाग वापरता येईल, नवी आज्ञावली घडवण्यासाठी नाही. म्हणजे वस्तू सर्वांच्या हाती द्यायची, पण ती घडणीसाठी वापरण्याचा हक्क मात्र एकालाच द्यायचा. साध्या नक्कलबंदीपेक्षा हे कोडे वेगळे आहे.

मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल बेसिक ही भाषा १९९१ साली आली आणि सुट्या भागांचा मोठा बाजार तिच्याभोवती उभा राहिला. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीपासून हे भाग ओसीएक्स या स्वरूपात येऊ लागले आणि त्यांच्यासोबत परवान्याची एक पद्धतही आली. ती अशी होती. विकत घेणाऱ्याला भागाबरोबर एक छोटी परवाना-फाईल मिळे. आज्ञावली घडवताना तो भाग आधी विचारी, ही फाईल येथे आहे का? असेल तरच तो काम करी. आज्ञावली पूर्ण करून तिची अंतिम फाईल बनवताना भागाकडून एक परवलीचा मजकूर मागून घेतला जाई आणि त्या अंतिम फाईलमध्ये ठेवून दिला जाई. पुढे शाळेच्या संगणकावर आज्ञावली चालू झाली की ती तो मजकूर भागापुढे धरी आणि भाग काम करू लागे. शाळेला परवाना-फाईल दिलेलीच नसल्याने त्या मुलाने नवी आज्ञावली घडवायला घेतली की भाग नकार देई.

युक्ती सुबक आहे. पण ती पोलादी नव्हती. परवाना-फाईल साध्या मजकुराची असे. नेहमीच्या साच्याप्रमाणे केलेला भाग फक्त एवढेच पाही की त्या फाईलमधली ओळ आपल्या पोटातल्या ओळीशी जुळते की नाही. ही फाईल मित्राला दिली की काम झाले. परवलीचा मजकूर तर प्रत्येक अंतिम आज्ञावलीत पडलेलाच असे. ज्याला तो शोधायचा त्याला फार कष्ट नव्हते. पुढे २००२ साली मायक्रोसॉफ्टने डॉटनेट ही नवी चौकट आणली. तिच्यातही नमुन्यादाखल तशीच एक सोय होती. तिच्यात फाईलमध्ये लिहायचे ते एक साधे इंग्रजी वाक्य होते. अमुक हा परवाना असलेला भाग आहे, एवढाच त्याचा अर्थ! वाक्य माहीत असले की परवाना मिळाला. मायक्रोसॉफ्टने हा नमुना आहे, त्यावर स्वतःचे कडक रूप बेता, अशा हेतूने तो दिला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

मग कडक रूप का बेतू नये? बेतून पाहिले गेले. डॉटनेटमध्ये प्रत्येक भागावर बनवणाऱ्याची अंकीय सही करता येते. त्या सहीच्या आधारे आपल्याला हाक मारणारी आज्ञावली अमुक सहीचीच असावी, अशी अट भागाला घालता येत असे. ऐकायला हे उत्तम वाटते. दारावर पहारेकरी आणि हातात ओळखपत्रे! पण २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एक बदल झाला. ज्या आज्ञावलीवर संगणकाचा पूर्ण विश्वास आहे, तिच्याबाबत ही तपासणी नेहमीच उत्तीर्ण ठरू लागली. आपण आपल्या संगणकावर बसवलेल्या नेहमीच्या आज्ञावल्या बहुतेक याच वर्गातल्या असतात. म्हणजे पहारेकऱ्याने घरमालकाला अडवू नये, असे ठरले.

आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. भाग आणि त्याला हाक मारणारी आज्ञावली एकाच संगणकाच्या एकाच स्मृतीत शेजारी शेजारी चालतात. संगणक ज्याचा, त्याला ती स्मृती वाचता येते, बदलताही येते. परवाना आहे का, या प्रश्नाचे उत्तर शेवटी कोठेतरी होय किंवा नाही अशा एका उडीवर येऊन ठेपते. ती उडी शोधून उलटी केली की कुलूप उघडले. ती शोधता येऊ नये म्हणून आज्ञावली गुंतागुंतीची करून ठेवतात. त्याने वेळ जातो, पण काम अशक्य होत नाही. कोणतीही आज्ञावली दिली तरी तिचे काम तेच ठेवून आतला सारा अर्थ पूर्णपणे लपवील असे सर्वसाधारण यंत्र बनूच शकत नाही, हे बोआझ बराक आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी २००१ साली गणिताने सिद्ध केले आहे. तेव्हा ग्राहकाच्याच संगणकावर ग्राहकापासून लपायचे, या खेळात भाग बनवणारा मुळातच उणा असतो.

हे ज्यांनी ओळखले त्यांनी साधी कडी लावली आणि बाकी करारावर सोडले. शाळेच्या कपाटाला आपण लहान कुलूप लावतो. दरोडेखोराला ते थोपवत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते पाहून मुलगा थबकतो आणि सरांना विचारतो. ओसीएक्सची परवाना-फाईल याच जातीची होती. शिवाय तिच्या पारड्यात आणखी एक गोष्ट टाकायला हवी. ती फसली तरी शाळेच्या संगणकाचे काहीच बिघडत नसे.

ज्यांनी हे ओळखले नाही, त्यांच्याकडे आता वळू.

२००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीने अमेरिकेत काही ध्वनिमुद्रिका नव्या बंदोबस्तासह विकल्या. फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने केलेल्या या बंदोबस्ताचे नाव होते एक्ससीपी. तो ५२ शीर्षकांवर बसवला होता. सुमारे ४७ लाख चकत्या तयार झाल्या आणि त्यांतल्या सुमारे २१ लाख विकल्या गेल्या. चकती विंडोज असलेल्या संगणकात घातली की तिच्यावरची आज्ञावली आपोआप चालू होई आणि स्वतःला बसवून घेई. गाण्याच्या नकला मर्यादेबाहेर होऊ नयेत हा हेतू. त्या हेतूला आमची हरकत नाही. गाणे हाही कोणाच्या तरी श्रमाचा भाग आहे.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञांनी एक शोध प्रसिद्ध केला. संगणकात लपलेल्या गोष्टी हुडकणारे एक साधन त्यांनी स्वतः केले होते. त्याची चाचणी घेताना आपल्याच संगणकात काहीतरी दडले आहे असे त्यांना दिसले. माग काढत ते विकत घेतलेल्या एका ध्वनिमुद्रिकेपर्यंत पोहोचले. एक्ससीपी विंडोजच्या गाभ्यात शिरत असे. फाईलींची यादी द्या, चालू कामांची यादी द्या, असे कोणी विंडोजला विचारले की उत्तर ग्राहकापर्यंत जाण्याआधी ते चाळून घेई. ज्या नावांची सुरुवात डॉलरचे चिन्ह, एसवायएस आणि पुन्हा डॉलरचे चिन्ह अशी असेल ती नावे यादीतून गाळली जात. संगणकतज्ज्ञ अशा सोंगाला रूटकिट म्हणतात. ते बहुधा घुसखोरांचे हत्यार असते. ही आज्ञावली हाताने उपटून काढायला जावे तर चकती वाचणारे यंत्रच संगणकाला दिसेनासे होई.

पहिला दोष येथे उघड होतो. नाव गाळण्याचा नियम एक्ससीपीपुरता नव्हता. त्या उपसर्गाने सुरू होणारे कोणतेही नाव गाळले जाई, मग ती फाईल कोणाची का असेना. म्हणजे लपण्याची सोय हा एक सुटा भाग होता आणि तो कोणीही, काही परवानगी न घेता वापरू शकत होता. वापरलाही. जाळ्यावरच्या एका लोकप्रिय खेळात लबाडी करणाऱ्यांनी आपल्या लबाडीच्या फाईलींना हा उपसर्ग लावला आणि खेळाच्या तपासनिसाला चकवले. नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास याच आडोशाला लपणारी पहिली घातक आज्ञावलीही सापडली. ज्याच्या घरी गाण्याची चकती होती, त्याच्या घरी तिला आयता आसरा मिळाला. परवानगीविना वापर थांबवायला निघालेल्यांनी स्वतःच्याच भागाचा परवानगीविना वापर होईल, याचा विचार केला नव्हता.

दुसरा दोष याहून वाईट आहे. ओरड झाल्यावर कंपनीने हा बंदोबस्त काढून टाकण्याची सोय दिली. त्यासाठी संकेतस्थळावर अर्ज भरावा लागे आणि मग संगणकात कोडसपोर्ट नावाचा एक ॲक्टिव्हएक्स भाग उतरे. आपण वर पाहिलेल्या ओसीएक्सचेच हे भावंड. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी तो तपासला. अमुक पत्त्यावरून आज्ञावली आणून चालव, असा हुकूम हा भाग घेत असे. हुकूम देणारा कोण, हे मात्र तो विचारत नसे. आणि काम संपल्यावरही तो संगणकात तसाच राही. त्यामुळे कोणत्याही संकेतस्थळाने त्याला हाक मारावी आणि हवी ती आज्ञावली त्या संगणकात चालवावी, अशी स्थिती झाली. भाग आपल्याच संकेतस्थळापुरता बांधून ठेवणे ही त्या काळीही माहीत असलेली गोष्ट होती. एका साध्या प्रश्नाने ती झाली असती. ग्राहकावर पहारा ठेवायला यांना विंडोजच्या गाभ्यात शिरण्याचे कौशल्य होते आणि ग्राहकाचे दार लावायला एवढे सुचले नाही. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

तिसरी गोष्ट ऐकून वाचकांना हसावे की रडावे कळणार नाही. एक्ससीपीच्या फाईलींमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेले भाग सापडले. त्यांतला एक लेम या प्रकल्पातला होता. ध्वनीचे एमपी३ स्वरूपात रूपांतर करणारा हा भाग अनेकांनी मिळून लिहिला आहे आणि तो फुकट मिळतो. पण त्याला अटी आहेत. तो वापरल्याचे सांगा, परवान्याचा मजकूर सोबत द्या आणि त्या भागाची मूळ संहिता ग्राहकाला मिळू द्या. एक्ससीपीने यांतले काही केले नव्हते. दुसरा तुकडा तर अ‍ॅपल कंपनीच्या संगीतावरील कुलुपाशी संबंधित होता. ते कुलूप उघडण्यासाठी जॉन योहानसेन आणि सॅम होसेव्हार यांनी लिहिलेली संहिता एक्ससीपीत आढळली. आपली गाणी अ‍ॅपलच्या यंत्रावर वाजावीत म्हणून ती घेतलेली दिसते, पण ती सोय चालू केलेली नव्हती. तीही मुक्त परवान्याची आणि त्या परवान्याच्या अटीही न पाळलेल्या. इतरांनी परवानगीविना नक्कल करू नये म्हणून विकला जाणारा माल अशा रीतीने इतरांच्या मालावर उभा होता. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी संगणक न पाहता केली.

यंत्रभाषेत रूपांतर झालेल्या फाईलीत उसना भाग कसा ओळखतात, असे विद्यार्थी विचारतील. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको. दोन मुलांचे उत्तर बरोबर असले तर काही सिद्ध होत नाही. दोघांनी एकाच जागी एकच विचित्र चूक केली तर शंका पक्की होते. तसेच येथे. आज्ञावली यंत्रभाषेत गेली तरी तिच्यातले संदेश, आवृत्तीचे क्रमांक, संकेतस्थळाचे पत्ते असा मजकूर जसाच्या तसा राहतो. आकड्यांची मोठी कोष्टकेही तशीच राहतात. शेकडो आकडे त्याच क्रमाने दोन ठिकाणी योगायोगाने येत नाहीत. लेमची ओळख आधी अशाच मजकुरावरून पटली.

येथे न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावी लागेल. लेम हा भागही अगदी सोवळा नव्हता. १९९८ साली तो सुरू झाला तेव्हा आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नमुना संहितेवर केलेल्या दुरुस्त्या, एवढेच त्याचे रूप होते. ती जुनी संहिता पूर्णपणे गळायला मे २००० उजाडले. एमपी३ वरची एकस्वे फ्राउनहोफर आणि इतरांकडे होती. त्यांच्याशी गाठ पडू नये म्हणून प्रकल्पाने चालवायला तयार अशी फाईल न देता फक्त मूळ संहिता दिली. लेम या नावाचा विस्तारही मुळात असा आहे की हे एमपी३ करणारे साधन नव्हेच! ही पळवाट आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण तिने कोणाच्या संगणकाला भोक पाडले नाही.

सोनी बीएमजीने नोव्हेंबर २००५ च्या मध्यावर या चकत्या परत मागवल्या. टेक्सास राज्याने त्याच महिन्यात दावा लावला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी तडजोड झाली. तीत ज्यांचे संगणक बिघडले त्यांना दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत देण्याचे कंपनीने मान्य केले. आणि एवढ्या खटाटोपाने राखण तरी झाली का? चकती घालताना शिफ्टची कळ दाबून धरली तर तिच्यावरची आज्ञावली आपोआप चालू होत नसे. गार्टनर या सल्लागार संस्थेने तर चकतीच्या बाहेरच्या कडेला अपारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला तरी हा बंदोबस्त निकामी होतो, असे दाखवून दिले. ज्याला नक्कल करायचीच होती त्याला चिकटपट्टी पुरली. ज्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून चकती घेतली आणि समोर आलेल्या करारावर होय म्हटले, त्याच्या संगणकात मात्र भगदाड पडले.

आज पुष्कळ भाग ग्राहकाच्या संगणकावर येतच नाहीत. ते बनवणाऱ्याच्या संगणकावर चालतात आणि आपण जाळ्यावरून एक किल्ली दाखवून त्यांच्याकडून काम करून घेतो. राखणीच्या दृष्टीने हे पक्के आहे, कारण लपवायची वस्तू परक्या हातात जात नाही. पण भाग चालवणाऱ्याने सेवा बंद केली की त्यावर उभी असलेली आज्ञावली त्याच दिवशी बंद पडते आणि तोपर्यंत आपली माहिती त्याच्याकडे जात राहते. विद्यार्थ्यांच्या याद्या आणि गुणपत्रके सांभाळणाऱ्या आज्ञावलीत असा भाग आहे का, हे शाळेने विकत घेण्यापूर्वी जरूर विचारावे.

आपल्याकडच्या कायद्याबद्दलही शिक्षकांमध्ये अकारण भीती दिसते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात माहीत असूनही चोरीची आज्ञावली वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहे. पण त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात रीतसर मिळवलेल्या आज्ञावलीची राखीव प्रत करायला, तिच्यामागच्या कल्पना आणि तत्त्वे कळावीत म्हणून ती चालताना तिचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला मोकळीक आहे. २०१२ साली घातलेले ६५-अ हे कलम कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते. ती कैद दोन वर्षांपर्यंत आहे. पण त्यासाठी तोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा असावा लागतो. हा हेतूचा शब्द घातला हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत २००३ साली शिफ्टची कळ दाबण्याचा उपाय प्रसिद्ध केला म्हणून हाल्डरमन यांना, ते विद्यार्थी असताना, दुसऱ्या एका बंदोबस्त-कंपनीने दाव्याची धमकी दिली होती. ती तिने दुसऱ्याच दिवशी मागे घेतली, ही गोष्ट निराळी.

आता वर्गात करून पाहण्याजोगे थोडेसे. शाळेच्या संगणकावरील चालणाऱ्या आज्ञावल्यांच्या आणि त्यांच्या सोबतच्या डीएलएल फाईलींच्या पाच-दहा प्रती वेगळ्या ठिकाणी काढून घ्याव्यात. एकेक प्रत नोटपॅडमध्ये उघडावी आणि काही न बदलता बंद करावी. पडदाभर निरर्थक चिन्हे दिसतील, कारण यंत्राच्या आज्ञांचे आकडे येथे अक्षरे समजून दाखवले जात आहेत. पण अधूनमधून वाचता येणारे इंग्रजी शब्द लागतील. तेवढे आकडे खरोखरच अक्षरांसाठी होते. मग शोधा या सोयीत डिफ्लेट हा इंग्रजी शब्द घालून पाहावा. निदान एखाद्या फाईलीत या शब्दापुढे आवृत्तीचा क्रमांक, कॉपीराइट हा शब्द, १९९५ पासूनची वर्षे आणि जाँ-लू गायी व मार्क ॲडलर ही दोन नावे सापडण्याचा चांगला संभव आहे. हा झेडलिब नावाचा भाग. फाईली दाबून लहान करण्याचे काम तो करतो. पीएनजी चित्रे उघडणाऱ्या असंख्य आज्ञावल्यांत तो असतो. दोघांपैकी ॲडलर पुढे स्पिरिट या मंगळयानाच्या पृथ्वी ते मंगळ प्रवासाच्या टप्प्याचे मोहीम-व्यवस्थापक होते.

झेडलिबला परवाना-फाईल नाही, किल्ली नाही, पहारेकरी नाही. कोणीही तो वापरावा, विकाऊ मालातही वापरावा. मूळ तो आपणच लिहिला असे खोटे सांगू नये आणि बदल केले असतील तर तसे स्पष्ट म्हणावे, एवढ्याच त्याच्या मुख्य अटी. त्याच्या मूळ संहितेत या ओळीजवळ एक टीपही लिहिलेली आहे. आपल्या मालाच्या माहितीपत्रकात आमचा उल्लेख केलात तर आनंद होईल. तो करणे जमत नसेल, तर निदान ही ओळ तुमच्या अंतिम फाईलीत राहू द्या, असा तिचा आशय आहे. विद्यार्थ्यांनी किती फाईलींत ती ओळ सापडली ते मोजून फळ्यावर लिहावे.